पाय वर घेणारा मुलगा

४ मार्च

बारक्या,

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडे नेमकं कुणीतरी दार वाजवतं, नाहीतर कुणाला तरी भूल द्यायची वेळ होते. कागदाचं बरं असतं, त्याला मध्येच ठेवून दिलं तरी तो उद्या तिथेच पडलेला असतो.

कामाचं आधी सांगते. बाबा पुन्हा लिहितायत. म्हणजे ते बोलतात आणि मी टाइप करते, कारण डोळ्यांचं मी तुला कळवलं होतं त्याच्या जरा पुढे गेलंय. समोरचं, मधलं काहीच दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानामागच्या कपाटाकडे बघतात, तेव्हा कुठे मी त्यांना थोडीशी दिसते. परवा प्रकाशक आले होते. बाबा सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बोलत राहिले आणि ते गृहस्थ उगाच फुगून गेले. जाता जाता मला म्हणाले, "'जिन्याखाली'ची नवी आवृत्ती काढतोय. तुमच्या भावाचा लहानपणचा एखादा फोटो मिळाला असता तर..." मी म्हटलं, घरात एकही फोटो नाही, सगळे वाळवीनं खाल्ले. कपाटभर अल्बम त्यांच्या पाठीमागेच होते.

टायपिंग मला झेपतं. दिवसभर गाडी शिकणाऱ्या नवशिक्यांच्या शेजारी बसून मी घरी येते, पायाशी तो आमचा शिकवणाऱ्यांचा जादा ब्रेक असतो, तोच माझा पोशिंदा. आज एका बाईंनी वळणावर चक्क डोळे मिटले. मी ब्रेक दाबला आणि म्हटलं, "अहो, घाबरायचं असेल तर घाबरा, पण डोळे उघडे ठेवून घाबरा." बाबांना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "हेच मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो."

अडलंय ते पुढेच. गोष्ट शेवटापर्यंत आली आहे आणि बाबा ती संपवत नाहीत. त्यांना ती आधी तुला वाचून दाखवायची आहे.

लगेच घडी घालू नकोस. तुझी बायको हे पत्र वाचेलच, आणि तू तिला काही धड सांगितलं नसणार, म्हणून तिच्यासाठी लिहिते. लोकांना वाटतं भयकथा लिहिणारा माणूस रात्री दिवे मालवून बसत असेल. आमचे बाबा भर दुपारी लिहायचे, सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून, आईच्या इस्त्रीच्या टेबलावर, उभ्यानं. "रात्री कुणीही घाबरतं, त्यात लेखकाचं काय कौतुक?" असं म्हणायचे. गोष्ट शेवटाला आली की तुझ्या नवऱ्याला हाक मारायची. तो उंच पाठीच्या खुर्चीत बसायचा. बाबा समोर उभे राहून वाचायचे, पण डोळे त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे. वाचता वाचता एखाद्या वाक्याला त्याचे पाय हळूच जमिनीवरून उचलून खुर्चीत यायचे. पाय वर आले की बाबा तिथे पेन्सिलनं खूण करणार, कागद मिटणार आणि म्हणणार, "झालं. जा खेळायला." म्हणजे सगळा देश ज्या गोष्टींचे शेवट वाचून उशा कवटाळत होता, त्यातला एकही शेवट त्याला घरात ऐकायला मिळाला नाही.

मी बाजूला बुटक्या स्टुलावर अभ्यास करत बसलेली असायचे. सुरुवातीला बाबांनी मलाही त्या खुर्चीत बसवून पाहिलं होतं. माझे पाय काही हलले नाहीत. "हा आमचा दगड," म्हणाले आणि मला परत स्टुलावर पाठवलं.

तर बारक्या, तुला येत्या कुठल्याही रविवारी दुपारी फोनवर फक्त ऐकायचं आहे. बोलायचं काहीच नाही.

वाट बघते,
ताई

*

२१ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, औषधाची चिठ्ठीच ती. "ताई, तुझी काळजी घे. त्यांना म्हणावं, दुसरं पोर शोधा." मी बाबांना सांगितलं की टपाल अजून आलेलं नाही. रोज संध्याकाळी विचारतात, रोज मी टपालखात्याला शिव्या घालते.

तू का असं लिहिलंस ते मला कळत नाही असं समजू नकोस. 'जिन्याखाली' छापून आल्यावर शाळेत तुझं जे झालं ते मी त्याच शाळेत, वरच्या वर्गात बसून ऐकलं आहे. तू व्हरांड्यातून चाललास की पोरं ओरडायची, "पाय वर! पाय वर!" मास्तरसुद्धा गालात हसायचे. पुस्तकातला तो पाय वर घेऊन बसणारा मुलगा म्हणजे तू, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. आणि तुझ्या लग्नाचं तर मी आजही बाबांना माफ केलेलं नाही. जेवणाआधी चार शब्द बोलायला म्हणून उभे राहिले, पेला हातात, सगळं सभागृह शांत. आणि म्हणाले काय, तर "आता तरी पाय खाली ठेव रे, बायको शेजारी आहे." लोक पोट धरधरून हसले. तुझ्या सासऱ्यांना ठसका लागला. तू ताटावरून उठलास तो आजतागायत परत बसला नाहीस. तुझ्या जागी मी असते तर पेला फेकून मारला असता.

पण आता जे चाललंय ते बघवत नाही. बाबांना एका जागी चैन नाही. बसत नाहीत. जेवतातसुद्धा उभ्यानं, ओट्याला टेकून. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत, आणि येता जाता खुर्च्या हलवत राहतात. एका खुर्चीसमोर दुसरी दिसली की ती उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवतात. मी कामावरून येते तर सगळ्या खुर्च्या शिक्षा झाल्यासारख्या भिंतीकडे बघत उभ्या. मी सरळ करते, ते फिरवतात. कालपासून मी नाद सोडला.

दुसरं पोर शोधायला सांगितलंस ना? तेही करून पाहिलं. गेल्या आठवड्यात नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता, चांगला आडदांड गडी. बाबांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि तोंडपाठ सुरू केलं. अर्ध्यात तो उठला. "काका, वायसर घेऊन येतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच, पाना इथेच राहिला आहे. मी म्हटलं, "बाबा, झालं की काम! एवढा मोठा माणूस पळाला."

"तो सगळ्यालाच घाबरतो," बाबा म्हणाले. "जिन्यात पाल बघून केवढ्यानं ओरडला. त्याचा काय उपयोग?"

गोष्ट काय आहे ते सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील नेहमीचंच भूतखेत. एका म्हाताऱ्याचे डोळे जातात. कडेचं दिसतं, मधे मात्र एक करडा डाग. हळूहळू त्याला कळतं की त्या डागात कुणीतरी उभं आहे. तो बघायला मान वळवतो तर डागही वळतो, आणि डागाबरोबर तोही. म्हणजे जिकडे बघावं तिकडे तो समोर. न बघावं तर कडेनं एवढंच जाणवतं की आपल्याकडे कुणी बघतंय. बस, इतकंच. रक्त नाही, किंकाळी नाही. टाइप करून झाल्यावर मी गच्चीवर जाऊन दोरीवरचे कपडे काढले, वाळले नव्हते तरी.

बाबांच्या मनगटाला थोडं लागलं आहे. काळजीचं कारण नाही.

ताई

*

६ एप्रिल

बारक्या,

काळजीचं कारण आहे. मनगट मोडलं आहे आणि कंबरेलाही मार बसला आहे. बाबा स्वयंपाकघराच्या मागच्या पायऱ्यांवरून पडले. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू डॉक्टर, उगाच फोनवर मला प्रश्नांची सरबत्ती केली असतीस. आता तर तू तीही करत नाहीस, म्हणून सगळं सांगते.

मी शेवटचा शिकाऊ सोडून घरी आले तर ते अंगणात, पायरीला पाठ टेकून बसलेले. मी म्हटलं, "बाबा, या पायऱ्या तुम्ही झोपेतसुद्धा उतरता. झालं काय?"

"वाटेत तो उभा होता. त्याला वळसा घालायला गेलो."

"कोण उभा होता?"

माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत म्हणाले, "तू टाइप केलायस ना."

मी तिथेच पायरीवर बसले. त्या गोष्टीची पानंच्या पानं मी शुद्धलेखन तपासत बसले होते आणि समोरचा माणूस मला आपली रोजची हकिगत सांगत होता. खुर्च्या का फिरवतात तेही मला तेव्हा उमगलं. आपण बसलो की समोरच्या खुर्चीत तो येऊन बसतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात वेड वगैरे काही नाही. दिसणं कमी झालं की मेंदू रिकामी जागा आपल्या मनानं भरतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला वेलबुट्ट्या. बाबा शांतपणे ऐकून म्हणाले, "मला फुलं कशी दिसतील? आयुष्यभर मी तिथे काय साठवलंय?" बाईंना हसावं की काय करावं ते कळेना. दुसऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं की वय, हृदय आणि हे न बसणं, न झोपणं यांचा मेळ फार दिवस बसणार नाही. तुला त्याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळतो.

त्या दुपारी परत आल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, "गोष्ट मला सांगा, मला वाचून दाखवा, आणि एकदाची संपवा. त्याच्यावाचून काय अडलंय? त्याला घाबरवल्याशिवाय तुम्हाला शेवट सुचत नाही का?"

ते इस्त्रीच्या टेबलाला धरून उभे होते. म्हणाले, "मी त्याला घाबरवायला नव्हतो बसवत."

"मग?"

"मला एकट्याला गोष्ट वाचवत नसे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बाबा! ज्यांच्या पुस्तकामुळे लोकांनी जिन्याखालची अडगळ रिकामी करून तिथे दिवे लावले, ते बाबा. ते कपाटाशी बोलल्यासारखे बोलत राहिले. जिन्याखाली त्यांचे काका त्यांना कोंडायचे. फरशी गार, अंधार, आणि पायाला काहीतरी लागल्यासारखं व्हायचं, म्हणून पाय वर घेऊन, गुडघे छातीशी धरून बसायचं. हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. मोठेपणी ती गोष्ट लिहायला घेतली तर वाचताना आवाज फुटेना. म्हणून तुला समोर बसवलं. कुणीतरी असावं म्हणून.

"मुलगा पाय वर घेतो हे तोवर मी लिहिलंच नव्हतं," म्हणाले. "ते वाक्यच नव्हतं कागदावर. आणि याने पाय वर घेतले. मी हादरलो. वाटलं, याला कळलं. जगात कुणालातरी कळलं."

"आणि मग पेन्सिलनं खूण करून त्याला खेळायला पाठवलं."

"त्याच्या पुढचं त्याने का ऐकावं? लहान होता."

म्हणजे बघ. पुस्तकातला तो मुलगा तू नव्हतासच. तू ज्याच्यापायी शाळेत मान खाली घालून चाललास, तो मुलगा बाबा होते. मी भडकले. म्हटलं, हे सांगायला तोंड नव्हतं का? अख्खी शाळा त्याच्यामागे लागली होती! तर म्हणाले, "सोपं होतं गं. मुलगा घाबरतो याचं कुणाला काही वाटत नाही. बाप घाबरतो म्हटल्यावर घर कुणाच्या जिवावर झोपणार?" आणि लग्नाचं? तर म्हणे त्या दिवशी हेच सांगायला उभे राहिले होते. ठरवून, पाठ करून. सगळे बघायला लागले आणि तोंडातून भलताच विनोद निघाला.

आता हे खरं, की पडल्यानंतर रचलेलं? लेखक माणूस, काही सांगता येत नाही. पण सांगताना त्यांच्या हनुवटीला जे होत होतं ते रचता येत नाही. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

मी तुझी मनधरणी करत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, तो तुझा प्रश्न. पण तो म्हातारा घरभर त्या डागापासून पळतोय आणि त्याला शेजारी कुणीतरी हवं आहे, ज्याला कळतं. मी दगड. माझा उपयोग नाही, असं त्यांचं तरी मत आहे. मी त्या खुर्चीत जाऊन बसलेही होते. म्हणाले, "तू ऊठ, तुला काही होत नाही."

रविवारी दुपारी खिडक्या उघड्या टाकून आम्ही फोनजवळ असू. नाही केलास तर परत या विषयावर मी लिहिणार नाही.

ताई

*

१३ एप्रिल

बारक्या,

फोन ठेवलास त्याला दोन तास झाले. बाबा झोपलेत, पलंगावर, आडवे. कित्येक आठवड्यांनी. मी लगेच लिहायला बसले, कारण तू फक्त आवाज ऐकलास आणि जे झालं त्यातलं बरंचसं आवाजात नव्हतं.

फोन वाजला तेव्हा बाबा दोन्ही हातांनी टेबलाला धरून उभे होते, एक हात प्लास्टरमध्ये. तू "हं" म्हणालास. नुसतं "हं". त्यावर बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग त्यांनी सुरुवात केली. तुला वाटलं असेल वाचतायत. हातात कागदच नव्हता. तुझ्यामागून चाकांचा आवाज येत होता, कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, म्हणजे तू इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये उभा होतास. मला ते कळलं. बाबांना कळलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

म्हातारा मान वळवतो आणि डाग त्याच्याबरोबर वळतो, तिथे बाबा थांबले. आठवतं ना ते थांबणं? पायांकडे बघायचं थांबणं. मग त्यांनी विचारलं, "घेतलेस का रे पाय वर?"

तू गप्प. इतका वेळ गप्प की मला वाटलं फोन कट झाला. माझ्या मनात तुझ्याबद्दल काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. आणि मग तू म्हणालास, "घेतले, बाबा. थांबू नका. पुढे वाचा."

उभ्या माणसाला पाय कसे वर घेता येतात ते तुलाच ठाऊक. पण त्याबद्दल तुला शंभर गुन्हे माफ.

आता तुला न दिसलेलं सांगते. "पुढे वाचा" ऐकल्यावर बाबांनी भिंतीकडे फिरवलेली ती उंच पाठीची खुर्ची चाचपली, खोलीकडे वळवली आणि बसले. तिच्यासमोर दुसरी खुर्ची होती, मी घाईत सरळ करून ठेवलेली. तरी बसले. मग एक पाय वर घेतला. घोटे केवढे सुजलेत त्यांचे, मी उठून धरणार होते. मग दुसरा. प्लास्टरचा हात गुडघ्यांभोवती घातला आणि त्या अवस्थेत, तुझ्यासमोर, पहिल्यांदा गोष्ट शेवटापर्यंत नेली. म्हातारा अखेर त्या डागातल्याला विचारतो, "तुलाही भीती वाटते का?" आणि तो मान डोलावतो. तुला इथे बाबांचा आवाज फाटल्यासारखा आला असेल. लाइन खराब नव्हती.

तू "छान आहे" म्हणालास, मग कुणीतरी तुला हाक मारली, मग फोन बंद झाला. खोलीत आम्ही दोघंच. मी माझ्या बुटक्या स्टुलावर, त्यांच्या बाजूला. ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, म्हणजे समोर त्यांना काहीच दिसत नव्हतं. बाजूचं दिसत होतं.

म्हणाले, "हे काय करते आहेस?"

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय फरशीवर असा दाबला होता की पोटरीला गोळा आला होता. जिथे ब्रेक असतो तिथे. बोटं पांढरी पडली होती. मला पत्ताच नव्हता.

"असा दाबतेस?" बाबा म्हणाले. "नेहमी?"

मी आठवायला लागले. अभ्यासाची वही मांडीवर, तुझे पाय वर चाललेत, बाबा खूण करतायत, आणि माझा पाय. हो, नेहमीच. मी म्हटलं, "हो, बाबा."

"मी वर जाणारेच पाय बघत बसलो," म्हणाले. मग चांगला हात पुढे करून माझं डोकं शोधलं, पहिल्यांदा कान सापडला, मग डोकं. बारक्या, मला इतकं रडायला आलं की शेजारणीनं खिडकीतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, गोष्ट संपली.

गोष्ट टाइप करून झाली आहे. प्रकाशकाला मी उद्या देईन. नव्या आवृत्तीला फोटो हवाच असेल तर बाबांचा सात वर्षांचे असतानाचा एक सापडला आहे, तो द्या असं बाबांनीच सांगितलं.

तू सुट्टीबद्दल काहीतरी पुटपुटलास ते मी ऐकलं आहे, आता मागे फिरू नकोस. बायकोला आणि छोकरीला घेऊन ये. घ्यायला मीच येईन. गाडी मी चालवीन, तू शेजारी बस, पाय वर घेऊन बसलास तरी कुणी काही म्हणणार नाही. माझा पाय ब्रेकवर असेलच.

तुझी,
घाबरट ताई